मंदीतही मागणी टिकणारे उद्योग

तेजी असो वा मंदी, ज्यांच्या मालाला किंवा सेवेला गिऱ्हाईक राहतेच असे उद्योग. धान्य, खाद्यतेल, मीठ, दूध, साबण, औषधे, वीज ही ठळक उदाहरणे. शेअर बाजारात अशा कंपन्यांच्या समभागांना ‘डिफेन्सिव्ह’ म्हणतात. वाहने, पोलाद, सिमेंट, घरबांधणी हे उद्योग मात्र व्यापारचक्राबरोबर, म्हणजे तेजी-मंदीच्या फेऱ्याबरोबर, वरखाली होतात. जुनी मोटारसायकल आणखी दोन वर्षे ओढता येते. रक्तदाबाची गोळी उद्यावर ढकलता येत नाही. जुनेच वापरायचे ठरले की गॅरेजवाल्याचे आणि शिंप्याचे काम मंदीत वाढतेही.

याचा पाया मागणीच्या लवचिकतेत, म्हणजे उत्पन्न किंवा किंमत बदलली की मागणी किती बदलते यात, आहे. उत्पन्न वाढते तसा त्यातला अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो, असे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये दाखवले. कमाई आटली की हेच उलट दिसते: कपडालत्ता, प्रवास, हॉटेल आधी कापले जाते, पिठाच्या डब्याला हात सगळ्यात शेवटी लागतो.

मागणी टिकली तरी तिचे रूप बदलते, आणि ते किराणा दुकानात सर्वात आधी कळते. तेलाचा 15 किलोचा डबा नेणारे घर एक-एक लिटरची पिशवी नेऊ लागते. अंगाच्या साबणाची महाग वडी जाऊन स्वस्तातली येते, शाम्पूची बाटली जाऊन पुडी येते. उधारीच्या वहीत पाने भरत जातात. माल खपत असतो, पण वाण्याचे पैसे दोन-दोन महिने अडकलेले असतात. बिस्किटांच्या कंपन्या 5 रुपयांचा पुडा 5 रुपयांतच ठेवून वजन कमी करतात ते याच गिऱ्हाइकाला धरून ठेवण्यासाठी. 2020 च्या टाळेबंदीत पार्ले-जीचा खप विक्रमी झाला; गावाकडे पायी निघालेल्या मजुरांच्या हातात तोच पुडा होता.

मागणी टिकली की त्या धंद्यातल्या सर्वांचेच भागते, हा समज मात्र चुकीचा आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकांनी तो अनुभव घेतला. दूध जीवनावश्यक, त्यामुळे घरोघरी पिशवी येत राहिली. पण हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने बंद झाली, लग्ने पुढे गेली आणि तिथे जाणारे दूध अंगावर पडले. गाय काही टाळेबंदी पाळत नाही. सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते, आणि कच्चे दूध काही तासांपलीकडे टिकत नाही. राज्य सरकारने दररोज 10 लाख लिटर जादा दूध लिटरला 25 रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना आणली. ती साऱ्यांपर्यंत पोहोचली नाही. खासगी संकलनाचे दर कोसळले, आणि जुलै-ऑगस्टमध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. शहरात पिशवीची किंमत त्या मानाने उतरली नव्हती. पेंड आणि कडब्याचा खर्चही गोठ्यात नेहमीसारखाच चालू होता.