पार्श्वभूमी : वाळवंटातल्या फटी आणि नवख्यांसाठीचा ‘सोपा’ रूट

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात आरोहक आधी गेले ते शिखरांसाठी. १९३९ मध्ये न्यू मेक्सिकोतला शिपरॉक सर झाला. अमेरिकी प्रस्तरारोहणात एक्स्पान्शन बोल्ट (दगडात भोक पाडून घट्ट बसवायचे खिळे) पहिल्यांदा ठोकले गेले ते तिथेच. (नवाहो लोकांसाठी पवित्र असलेला हा कातळ १९७० पासून चढाईला बंद आहे.) १९६१ मध्ये युटातल्या कॅसलटन टॉवरच्या माथ्यावर माणूस पोचला. फट ही तोवर वर जाण्याची वाट होती, इतकंच. फटीसाठी फट चढायची आणि कड्याचा माथा न गाठताच अँकरवरून (दोर अडकवायच्या पक्क्या जागेवरून) उतरायचं, हा प्रकार १९७० च्या दशकात युटातल्याच इंडियन क्रीकमध्ये रुजला.

त्याला कारण तिथला दगड. विंगेट वाळूदगड म्हणजे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या. त्याच्या खालचा थर मऊ असल्याने आधी झिजतो, मग वरच्या कड्याचा आधार जातो आणि तो उभ्या सांध्यांवर सुटून कोसळतो. मागे उरतात ताशीव भिंती आणि त्यांतल्या दोन्ही कडा समांतर असलेल्या फटी. नट (पडणाऱ्याचा दोर धरणारी धातूची पाचर) अडकवायला फट कुठेतरी निमुळती व्हावी लागते. इथे ती वीस-पंचवीस मीटर होतच नाही. पिटॉन (फटीत ठोकायचा धातूचा खिळा) ठोकावा तर हा दगड ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी लवकर फुटतो, आणि पिटॉन टाळण्याचा आग्रहही त्याच दशकाच्या सुरुवातीला जोर धरत होता. १९७६ मध्ये इंडियन क्रीकमधली सुपरक्रॅक ही फट चढली गेली ती हेक्सच्या (षटकोनी नटच्या) भरवशावर. समांतर फटीत तिरके बसवलेले हेक्स दोर हलला की सुटू शकतात. अशा लीडवर (वाटेत साधनं लावत, दोर घेऊन पुढे चढायला) नवख्याला कुणी पाठवलं नसतं.

दोनेक वर्षांत स्प्रिंगवर फिरणाऱ्या लोबचे (वक्र पात्यांचे) कॅम बाजारात आले. खालून ओढ बसली की लोब बाहेरच्या बाजूला दाबले जातात, त्यामुळे समांतर फटीतही ते धरून राहतात. वाळवंट नवख्यांसाठी खुलं झालं ते या एका साधनामुळे, असं माझं ठाम मत आहे. अर्थात, फट एकाच रुंदीची असल्याने एकाच मापाचे सहा-सात कॅम लागतात. एवढा संच एकट्याकडे क्वचितच असतो. म्हणून इथे शिकणं बहुधा कॅम एकत्र करून आणि टॉप रोपवर (वरून बांधलेल्या दोरावर) होत आलं आहे.

खरा गुंता ग्रेडचा (रूट म्हणजे चढाईची वाट किती अवघड, हे सांगणाऱ्या आकड्याचा) आहे, आणि नवख्यांना तो नीट सांगितला जात नाही. दशांश ग्रेडची पद्धत १९५० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात बसली, तेव्हा ५.९ ही तिची कमाल होती. पुढे ५.१० (‘पाच-दहा’, म्हणजे ५.९ पेक्षा अवघड) आली आणि वरचं टोक मोकळं झालं. पण त्या काळात ५.७ किंवा ५.८ ठरलेले रूट आजच्या सवयीने पाहिले तर कडक वाटतात. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्रीमधली डबल क्रॉस ही फट आजही ५.७+ (५.७ ची अवघड बाजू) म्हणूनच ओळखली जाते. आकडा बघून, जॅमिंग (हात-पाय फटीत अडकवून चढणं) न शिकता तिच्यावर लीडला जाणारे तिथे अडकतात आणि पडतात.

इंडियन क्रीकमध्ये आकडा आणखी फसवतो. तिथे पकड जवळपास नसतेच. हात आणि पाय फटीत बसतो की नाही एवढाच प्रश्न. ग्रेड ठरते ती आधी चढलेल्यांच्या हातावरून, आणि ते बहुतेक मोठ्या हातांचे पुरुष होते. त्यांचा आरामाचा हँड जॅम लहान पंजाच्या व्यक्तीला मुठीचा होतो, तर त्यांना बोटांवर लटकवणाऱ्या अरुंद फटीत तिचा अख्खा पंजा जातो. म्हणजे तोच रूट एकाला ५.९ आणि दुसऱ्याला ५.११ वाटू शकतो आणि दोघंही खरं बोलत असतात. तरीही आकडा बदलायला कायम विरोध झाला. पहिल्या चढाईचा मान राखायचा, प्रत्येक हातासाठी वेगळी ग्रेड देता येणार नाही, असे मुद्दे आहेत. त्यांत तथ्य आहे. पण त्याची किंमत शिकणाऱ्याने, विशेषतः लहान हातांच्या स्त्रियांनी, मोजली. आपलं तंत्रच कच्चं, असं त्या समजत राहिल्या.

तोडगा गाइडबुकांनी काढला : ग्रेडशेजारी लागणाऱ्या कॅमची मापं द्यायची. प्रत्येक मापाच्या कॅमला ठरलेला रंग असतो, त्यामुळे आता लोक फटीची ओळख कॅमच्या रंगावरून सांगतात. सर्वाधिक प्रचलित संचात लाल कॅम साधारण ३० ते ५२ मिलिमीटर धरतो, पिवळा ३७ ते ६५, निळा ५१ ते ८८. कुणाचा पंजा पिवळ्याला घट्ट बसतो, कुणाचा लालला. स्वतःचा रंग कळला की इंडियन क्रीकच्या डोनेली कॅन्यनमधली जेनेरिक क्रॅक ही फट आपल्याला झेपेल का, याचा अंदाज ५.१०- (५.१० ची सोपी बाजू) या आकड्यापेक्षा बरा येतो. ५.१० च्या खालचे रूट इथे मोजकेच असल्याने हा अंदाज महत्त्वाचा. कमी ग्रेडच्या फटी हव्या असतील तर जोशुआ ट्रीमध्ये त्या भरपूर आहेत, पण तिथला खरखरीत दगड उघड्या हातांची साल काढतो. टेपचे हातमोजे आणि पुढे तयार रबरी हातमोजे आले, तेव्हा पहिल्या दिवसाचं रक्त तरी कमी झालं.

गेल्या दहा वर्षांत चर्चा चढाईपेक्षा जमिनीच्या हक्काची जास्त झाली. डिसेंबर २०१६ मध्ये इंडियन क्रीक बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकात आलं. वर्षभराने स्मारकाचं क्षेत्र सुमारे ८५ टक्क्यांनी घटवलं गेलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये ते पूर्ववत झालं. या जागेशी पाच आदिवासी राष्ट्रांचं पूर्वापार नातं आहे, आणि कड्यांवर त्यांच्या पूर्वजांनी कोरलेली चित्रं आहेत. चढाईच्या हक्काबद्दल बोलताना आरोहकांनी हे आधी सांगायला हवं होतं. वसंतात शिकारी पक्ष्यांची घरटी असलेल्या भिंती टाळायचं आवाहन असतं. पाऊस पडून गेला की एक ते तीन दिवस, मोठा पाऊस असेल तर त्याहून जास्त थांबावं लागतं. वरून कोरडा दिसणारा वाळूदगड आतून ओला असला तर कमजोर असतो, आणि अशा फटीत लावलेला कॅम पडणाऱ्याचा भार झेलताना दगडासकट बाहेर येऊ शकतो.