आत्तीचा अल्झायमर एका रात्रीत वाढला नव्हता

आमची आत्ती रंकाळ्याजवळच्या एका वृद्धसेवा केंद्रात राहते. गेल्या वैशाखात तिथून सकाळी सकाळी फोन आला. "आज्जी कालपासनं नुसत्या पडून हाईत. हाक मारली तर डोळे उघडतात, परत मिटतात." डॉक्टरांना दाखवलं का, असं विचारलं, तर केंद्रातल्या सेविका मावशी म्हणाल्या, "आजार वाढलाय की त्यांचा. आता असंच व्हायचं."

आजार वाढला नव्हता. आत्तीला अल्झायमर आहे हे खरं, पण त्या दिवशी तिला झाला होता डिलिरियम, म्हणजे अचानक येणारी भ्रमाची अवस्था. दोन्हीत माणूस गोंधळलेला दिसतो. त्यातून अल्झायमर असलेल्यालाच डिलिरियम पटकन गाठतो, म्हणून तो ओळखायचा राहून जातो.

अल्झायमरची चाल संथ असते. ज्या बाईंच्या आजारावरून डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली हा रोग मांडला, त्या १९०१ मध्येच रुग्णालयात दाखल झाल्या होत्या. आत्तीचंही तसंच. आधी ती भाजीवाल्याला दोनदा पैसे द्यायला लागली, पुढं महाद्वार रोडवरनं घरची वाट चुकली, मग नातवंडांची नावं गेली. यात सात-आठ वर्षं सरली. तरी ती दिवसभर जागी असते, तोंडाकडं बघून बोलते. जोतिबाची चैत्र यात्रा म्हटलं की सासनकाठ्यांचं अजून सांगते.

डिलिरियम काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत येतो. लक्षच ठरत नाही. सकाळी माणूस ओळखतो, दुपारी भिंतीवर नसलेल्या मुंग्या झटकतो. संध्याकाळची घालमेल अल्झायमरमध्येही असते, पण ती रोजची, सगळ्यांच्या ओळखीची. आरडाओरडा करणाऱ्याकडं सगळे धावतात. गप्प पडून राहणारा डिलिरियम मात्र 'आज शांत आहेत' म्हणून सुटतो, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

डिलिरियममागं बहुतेकदा शरीरातलं काहीतरी असतं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, रक्तात कमी झालेलं सोडियम, दुखणं, झोपेची नवी गोळी. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही, आणि अल्झायमरमुळं कुठं दुखतंय हे सांगता येत नाही. आत्तीला चार दिवस शौचाला झालं नव्हतं, उन्हाळ्यात पाणी पोटात गेलं नव्हतं, वर सर्दीची गोळी सुरू होती. डॉक्टरांनी गोळी बंद केली, सलाईन लावलं, पोट साफ केलं. आठवड्याभरात ती परत बोलायला लागली. सगळेच इतक्या लवकर सावरत नाहीत, काहींना महिने लागतात, म्हणून उद्यावर ढकलायचं नाही.

डॉक्टर बघेपर्यंत आजारी माणसाचे हात बांधून ठेवू नयेत, त्यानं घाबरगुंडी वाढते. चष्मा, कानाचं मशीन लावावं, ओळखीचं माणूस जवळ बसवावं. डॉक्टरांना फोन करताना 'गोंधळल्यात' एवढंच सांगू नका. 'कालपर्यंत बऱ्या होत्या, आज अचानक असं झालं' हे आधी सांगा, आणि आठवड्यात कुठली गोळी बदलली तेही.