भिंतीवर बसलेली मादी

रक्त पिऊन झालं की हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासाच्या मादीला उडणं जड जातं. तिने जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं रक्त ओढलेलं असतं. एवढं ओझं घेऊन लांब जाण्यापेक्षा ती जवळची भिंत गाठते आणि तिथे बसून रक्तातलं जास्तीचं पाणी शरीराबाहेर टाकते. पुढे अंडी तयार होईपर्यंतचा वेळही अनेक जातींच्या माद्या घरातच, खाटेमागे किंवा माळ्याच्या अंधारात काढतात. हिवतापाविरुद्धच्या विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या मोहिमा या एका सवयीवर उभ्या राहिल्या.

डीडीटी हा पदार्थ १८७४ सालीच तयार झाला होता, पण त्याने कीटक मरतात हे पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला १९३९ मध्ये दिसलं. १९४८ साली त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. त्याआधी डास मारायला काहीच नव्हतं असं नाही. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम होतं, आणि ते डासाला क्षणात लोळवायचं. मात्र उजेडात आणि हवेत ते लवकर निकामी होई, त्यामुळे पुन्हापुन्हा फवारावं लागे. डीडीटी भिंतीवर महिनोन्‌महिने टिकायचं. चौरस मीटरला १ ग्रॅम एवढा पातळ थर पुरे. माणसाने फवारून निघून जावं, डास आपल्या पायांनी येऊन त्या थरावर बसणार.

यातलं गणित मला फार सुंदर वाटतं. हिवतापाच्या रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग पसरवू शकत नाही. परजीवी तिच्या पोटात वाढून लाळग्रंथींपर्यंत पोचायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात दर दोन-तीन दिवसांनी तिला पुन्हा रक्त लागतं, आणि दर वेळी पुन्हा भिंत. समजा, भिंतीवर बसलेल्यांपैकी दर खेपेस निम्म्याच मरतात. शंभरातल्या पन्नास उरतील, मग पंचवीस, मग बारा, चौथ्या खेपेनंतर सहा. गावात डास दिसतच राहतील, पण रोग पसरवण्याएवढं वय गाठणाऱ्या माद्या जवळजवळ उरणार नाहीत. हिवतापाचे ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी १९५० च्या दशकात हे समीकरणांत मांडलं. ‘फवारणी झाली तरी डास आहेतच’ ही तक्रार गावोगावी ऐकू येते. ती खरी असते, फक्त तिच्यावरून फवारणी फसली असं ठरत नाही.

आपल्याकडे तेव्हाच्या मुंबई प्रांतात, धारवाड आणि कारवारच्या भागात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली १९४६ च्या सुमारास डीडीटीची फवारणी सुरू झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्या काळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. १९६५ पर्यंत नोंदलेले रुग्ण लाखाच्या आसपास आले. जाता जाता आणखी एक गोष्ट घडली. काळा आजार पसरवणारी वाळूमाशीही घराच्या नि गोठ्याच्या भिंतींतच राहते. तिच्यासाठी कोणी फवारत नव्हतं, तरी बिहारमधून तो आजार जवळपास दिसेनासा झाला. फवारणी आटोपती घेतल्यावर १९७० च्या दशकात तो परतला.

हिवतापही परतला. १९७६ साली ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. कारणं बरीच होती: डीडीटीचा तुटवडा, ढिलावलेली देखरेख, शहरातल्या टाक्यांत आणि विहिरींत वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी. पण विज्ञानाच्या दृष्टीने खरी गोम प्रतिकारात आहे. कीटकाच्या मज्जापेशींवर सोडियमची ये-जा सांभाळणारी सूक्ष्म दारं असतात. डीडीटी ती उघडीच ठेवतं. नसा अखंड पेटतात, डास थरथरून मरतो. एखाद्या डासात त्या दाराच्या रचनेत जरासा बदल असला तर डीडीटीला तिथे पकड मिळत नाही. दुसऱ्या काही डासांत डीडीटीची मोडतोड करणारी विकरं जास्त बनतात. फवारणी असे डास घडवत नाही, ती बाकीच्यांना मारून यांना मोकळं रान देते. त्यातून हीच रसायनं शेतातही ओतली जात होती, त्यामुळे डासांच्या अळ्यांची निवड शेतातल्या पाण्यातच सुरू झाली. भारतात शेतीसाठी डीडीटीवर बंदी आली ती १९८९ मध्ये.

आजच्या मच्छरदाण्यांना लावतात ती पायरेथ्रॉइड रसायनंही त्याच सोडियमच्या दारावर काम करतात. म्हणून डीडीटीला सरावलेला डास कधीकधी त्यांनाही दाद देत नाही. मॅलॅथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकाचा मार्ग निराळा, आणि क्लोरफेनापीर तर पेशीची ऊर्जाच तोडतं. हे दुसरं रसायन जोडीला असलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली.

भिंतीचा आणखी एक शत्रू अगदी घरगुती आहे: सारवण. शेणामातीचा एक हात फिरला की खालचं औषध झाकलं जातं. म्हणून फवारणीनंतर अडीच-तीन महिने सारवू नका, रंग देऊ नका, असं आरोग्य कर्मचारी सांगतात. पण पांढऱ्या डागांनी माखलेल्या भिंती सणाला तशाच ठेवायला कुठली घरधनीण राजी होईल? माझ्या मते फवारणीचं वेळापत्रक गावाचं पंचांग पाहून ठरवायला हवं.

डेंग्यूपुढे मात्र ही सगळी युक्ती लंगडी पडते. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो आणि भिंतीपेक्षा टांगलेल्या कपड्यांत, पलंगाखाली, कपाटामागे दडतो. नगरपालिकेची धुरळणी रस्त्यावरून जाते, तेव्हा धुराचा थेंब उडत्या डासाला लागला तरच तो मरतो, आणि मागे काहीही उरत नाही. शिवाय गाडीचा आवाज आला की आपण खिडक्या लावून घेतो. धुरळणीने नगरसेवक खूश होतात, साथीच्या भरात तिचा थोडा उपयोगही होतो, पण अळ्यांना धक्का लागत नाही. त्यांच्यासाठी टेमेफॉस हे पाण्यात टाकायचं औषध, म्हणजे आपलं ‘अबेट’, आहे, गप्पी मासे आहेत, आणि फक्त अळ्यांना मारणारे जिवाणूही आहेत. गोव्यात १९९० च्या दशकात असे जिवाणू आणि स्थानिक मासे वापरून हिवतापाच्या डासांवर प्रयोग झाले. घरात मात्र आठवड्याचा कोरडा दिवस पाळताना पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी असताना महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून ते आतून घासावं लागतं.