पाण्याने फुगलेला हायड्रोजेलचा मणी सुकतो कसा

परवा एक व्हिडिओ फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. पाण्यात टाकले की टम्म फुगणारे ते पारदर्शक मणी असतात ना, ते कुंडीतल्या मातीत मिसळायचे, हे मणी पाण्याला 'लॉक' करतात आणि मग ते पाणी उडूनच जात नाही, असं त्यात ठासून सांगितलं होतं. पाहून राहवलं नाही, कारण मणी पाणी धरतो हे अगदी खरं आहे, पण धरणं आणि उडू न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यातला फरक मला स्वतःला फार सुंदर वाटतो.

आधी हायड्रोजेल म्हणजे काय ते पटकन बघू. पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, हे शाळेत झालंय. इथल्या साखळ्यांना पाण्याची ओढ असते आणि त्यांना मधे मधे एकमेकींशी गाठी मारलेल्या असतात. गाठी नसत्या तर त्या सरळ विरघळून गेल्या असत्या, गाठींमुळे विरघळता येत नाही, नुसतं फुगता येतं. डायपरमधली सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पावडर शुद्ध पाण्यात टाकली तर स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पाणी पिते, आणि रक्ताइतक्या खारट पाण्यात मात्र साधारण 30 ते 50 पटींवरच अडते.

आता हे फुगणं कुठेतरी थांबतं, ते का? साखळ्यांवर ऋण भार असतो, त्यांना धरून राहणारे सोडियम आयन जाळ्याबाहेर निघून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे आत आयनांची गर्दी होते आणि परासरणाने पाणी आत ओढलं जातं. पाणी आत आलं की जाळं ताणलं जातं आणि ताणलेल्या रबरासारखं ते उलट दाबायला लागतं. दोघांची बरोबरी झाली की फुगणं बंद. पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी 1943 मध्ये याचं गणित मांडलं, आणि फ्लोरींना पुढे 1974 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा. पूर्ण फुगलेला मणी अजून भांड्यातल्या पाण्यातच पडलेला आहे असं समजा. तो आता पाणी घेतही नाही आणि सोडतही नाही. याचा सरळ अर्थ असा की आतल्या पाण्याला आत राहण्यात काही जास्तीचा फायदा उरलेला नाही, असता तर आणखी पाणी आत गेलं असतं! म्हणजे आतलं पाणी आणि भांड्यातलं मोकळं पाणी या दोघांची वाफ होऊन निघून जायची तयारी अगदी सारखी. मग तोच मणी बाहेर काढून हवेत ठेवला तर सुरुवातीला त्याच्यावरून पाणी तेवढ्याच वेगाने उडणार जेवढं तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या थेंबावरून उडालं असतं. वजनकाट्यावर मणी ठेवून दर तासाला वजन लिहून घरी करून बघता येईल (लहान मुलांपासून मात्र हे मणी लांबच ठेवा, पोटात गेले तर आतड्यात फुगून अडकतात आणि साध्या एक्सरेत सहसा दिसत नाहीत).

पण मग मणी दाबला तर पाणी गळत का नाही? कारण गळायचं म्हणजे पाण्याला जाळ्याच्या काही नॅनोमीटरच्या फटींमधून झुंडीने वाहावं लागतं आणि तिथे प्रचंड अडथळा होतो. वाफ होताना झुंड लागत नाही, पृष्ठभागावरचा एकेक रेणू सुटून जातो, त्याच्या जागी आतला रेणू सरकतो, आणि पॉलिमर दोन-चार टक्केच असेल तर रेणूंचं हे सरकणं साध्या पाण्यातल्या इतकंच सहज चालतं.

इथे थोडे आकडे येतात, सोडून जाऊ नका. मणी थोडा सुकला की जाळं सैल पडतं, आयनांची गर्दी वाढते, म्हणजे पॉलिमर आता खरंच पाणी ओढून धरायला लागतो. पण किती जोराने? समजा 13-14 वातावरणांएवढ्या दाबाने (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब). खूप वाटतं ना? एवढ्या ओढीने पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन निघून जायच्या त्या तयारीचं माप, फक्त 1 टक्क्याने कमी होतो. आणि समोर 50 टक्के आर्द्रतेची साधी खोलीतली हवा असेल तर तिची ओढ त्याच हिशोबाने 900 वातावरणांच्या वर जाते. रस्सीखेच एकतर्फी आहे. 200 पट पाणी प्यायलेल्या मण्यातलं 190 पट उडून गेलं तरी उरलेल्या पाण्याचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या 99 टक्क्यांच्या आसपासच असतो. झाडाच्या मुळांना पण म्हणूनच ते पाणी मिळतं, कारण मुळं साधारण 15 वातावरणांपर्यंत ओढू शकतात. म्हणजे कुंडीत पाणी टिकलं तर त्याचं बरंचसं श्रेय वरच्या मातीच्या आच्छादनाला द्यायला पाहिजे, आणि खताचे क्षार किंवा जड पाण्यातलं कॅल्शियम असेल तर मणी मुळात फुगतोच कमी.

खरी गंमत शेवटी होते. पृष्ठभाग आधी सुकतो, तिथल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि रबरासारखा मऊ पदार्थ काचेसारखा कडक होतो. या सालीतून पाण्याचे रेणू कितीतरी पटींनी हळू सरकतात, त्यामुळे बाहेरून कडक आणि आत अजून ओला अशी अवस्था येते. साल आकसू बघते, आतला भाग आकसू देत नाही, आणि या ताणातून सुरकुत्या आणि तडे पडतात. जाड तुकडा घाईघाईने गरम करून सुकवला तर हे हमखास होतं, आणि जाडी दुप्पट केली तर आतून पाणी सरकायला लागणारा वेळ चौपट होतो. ओल्या चिकणमातीचं आकसणं कण एकमेकांना टेकले की थांबतं, पण जेलमध्ये टेकायला कण नाहीतच, जाळं पूर्ण कोसळतं आणि शेवटी इवलासा मणी उरतो. अगदी शेवटचं थोडं पाणी मात्र साखळ्यांना खरंच बांधलेलं असतं, ते शून्याखाली नेलं तरी गोठत नाही.

या 'बांधलेल्या पाण्या'वरून 'स्ट्रक्चर्ड वॉटर' (म्हणे खास रचना दिलेलं पाणी) नावाची बाटल्या आणि मशीनं विकायची जी टूम निघाली आहे तिचा जेलच्या विज्ञानाशी काहीही संबंध नाही. बांधलेलं पाणी साखळीला चिकटलेलं असतं, वजनाने साधारण पॉलिमरइतकंच किंवा त्याहून कमी, आणि ग्लासातल्या पाण्यात साखळीच नसते तर ते बांधलं जाणार कशाला?

सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना हे सगळं डोळ्यात जाणवतं. सॉफ्ट लेन्स शोधणारे चेक रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्तरले यांनी 1961 च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातल्या बांधकाम संचाचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून घरीच लेन्स बनवायचं यंत्र जोडलं होतं. त्यांच्या पॉलिहेमा जेलमध्ये साधारण 38 टक्के पाणी असतं, लेन्स बाहेर राहिली की काचेसारखी ठिसूळ होते, आणि द्रावणात टाकली की परत मऊ.

मग सुकणं थांबवायचं कसं? एक उपाय म्हणजे वरून रबराचा पातळ थर चढवायचा. दुसरा मला जास्त आवडतो, पाण्याची उडून जायची तयारीच कमी करायची, म्हणजे आत ग्लिसरॉल किंवा कॅल्शियम क्लोराईड, लिथियम क्लोराईडसारखे क्षार घालायचे. लिथियम क्लोराईडचं संपृक्त द्रावण 11 टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोलात राहतं, त्यामुळे असं जेल साध्या खोलीत सुकायच्या ऐवजी उलट हवेतूनच पाणी ओढू शकतं. अडचण एवढीच की लिथियमचं एवढं खारट जेल जखमेवर किंवा डोळ्यात ठेवता येत नाही, त्यामुळे शरीराला लागणाऱ्या जेलसाठी ग्लिसरॉल, वरचा थर आणि हवाबंद पाकीट यांच्यावरच भागवावं लागतं.