‘झुलू’ सिनेमातली ती मानवंदना घडलीच नव्हती

१८७९मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि झुलू यांच्यात झालेल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईवर बेतलेल्या, १९६४ सालच्या ‘झुलू’ सिनेमाचा शेवट पाहिलेला माणूस तो विसरत नाही. टेकडीवर हजारो झुलू योद्धे येतात, भाले उंचावतात, गाऊन ब्रिटिश शिपायांच्या शौर्याला सलाम करतात आणि निघून जातात. हे खरंच घडलं, असं आजही अनेकजण छातीठोकपणे सांगतात.

नाही घडलं. २३ जानेवारी १८७९च्या सकाळी रोर्क्स ड्रिफ्टच्या ब्रिटिश ठाण्याजवळच्या टेकडीवर झुलू दिसले, एवढंच खरं. पण दमले-भागलेले, उपाशी ते योद्धे तिथे थोडा वेळ टेकले आणि परतले. ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेम्सफर्डची तुकडी जवळ येत होती. कसला सलाम नि कसलं काय! उलट लढाईनंतर ठाण्याभोवती पडलेल्या कितीतरी जखमी झुलूंना तिथेच ठार मारण्यात आलं. ते मात्र पडद्यावर येत नाही.

सिनेमात शिपाई वेल्श समरगीत गातात, तेही पटकथेतलंच. पलटण तेव्हा २४वी, नावाने वेल्समधली नव्हे, तर इंग्लंडमधल्या वॉरिकशरची. ‘साउथ वेल्स बॉर्डरर्स’ हे नाव १८८१ मधलं.

सर्वांत जास्त अन्याय हेन्री हूक या शिपायावर झाला. सिनेमात तो दारुडा, कामचुकार. प्रत्यक्षात हा गडी दारूला शिवतही नव्हता! जळत्या इस्पितळाच्या भिंती फोडून रुग्ण बाहेर काढताना त्याने संगीन चालवून दार अडवलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं.

गंमत म्हणजे सिनेमात झुलूंचा राजा सेट्श्वायोची भूमिका त्याचाच वंशज मांगोसुथू बुथेलेझी यांनी केली होती.