मेनिंजायटिसची एकच लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही

नागपुरात बारावीनंतर परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी हमखास ऐकू येतं, “लहानपणी पेंटा दिलाय, मेनिंजायटिसची काळजी मिटली.” मिटलेली नाही! मेनिंजायटिस म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला येणारी सूज, आणि ती आणणारे जिवाणू एकाहून जास्त आहेत. लसीकरणाचं कार्ड काढून बघा. 6, 10 आणि 14 आठवड्यांना दिलेल्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिब या जिवाणूविरुद्धचा भाग असतो. तो मोलाचाच, पण मेनिंजायटिस करणारा मेनिंगोकॉकस हा वेगळा जिवाणू. त्याची लस सरकारी वेळापत्रकात नाही.

त्याचे मुख्य गट सहा: ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय. किशोरवयात सहसा दिली जाते ती ए, सी, डब्ल्यू, वाय या चार गटांची लस. हज यात्रेकरूंना सक्तीची असते तीही हीच. बी गटापासून ती वाचवत नाही. बीचं शर्करेचं आवरण आपल्याच पेशींवरच्या घटकासारखं असतं, त्यामुळे शरीर त्याला परकं मानतच नाही. म्हणून बीची लस प्रथिनांपासून वेगळी बनवावी लागली.

आणि हे संरक्षण जन्मभराचंही नाही. चार गटांच्या लसीचा जोर पाचेक वर्षांत उतरतो. म्हणूनच 2010 साली अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने 16व्या वर्षी बूस्टर सुचवला. बीची लस घेतलेल्याला वाचवते, पण घशात बसलेला जिवाणू हटवत नाही. होस्टेलमधल्या रूममेटला तिचा उपयोग नाही.

मुलगा-मुलगी होस्टेलला निघाली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: कोणत्या गटांची लस, कधी दिली? आणि लस झालेली असली तरी ताप, ताठलेली मान, दाबूनही न फिकटणारं पुरळ दिसलं, तर सकाळची वाट बघू नका.