ठासणीच्या रायफलीत दारू किती भरायची?

सोलापुरातून नळदुर्गला गेलेली मंडळी उपली बुरुजाच्या पायऱ्या चढतातच. वर दोन लांबलचक तोफा आहेत. त्यांच्यापुढे उभं राहिलं की घरातलं लहान मूल विचारतं, "यात दारू किती भरत असतील?" आणि मोठं माणूस ठामपणे सांगतं, "जेवढी जास्त, तेवढा गोळा लांब." ठासणीची रायफल पहिल्यांदा हातात घेणाऱ्यालाही हेच वाटतं. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी नवशिक्याला महागात पडू शकते.

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजानं ठासतात ती. नळीच्या आतून पिळाचे चर कापलेले असले की ती रायफल. चरांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ रेषा धरते. तयार काडतुसात दारूचं माप कारखान्यात ठरलेलं असतं. इथं मात्र प्रत्येक बाराचं माप भरणाऱ्याच्या हातात असतं.

काळ्या दारूत तीनच गोष्टी असतात: सोरा, कोळसा आणि गंधक. सोरा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो आणि गंधकामुळे पेट लवकर घेतला जातो. ती जळाली की सगळ्याचा वायू होतो असं आपण धरून चालतो, पण तसं होत नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दारूच्या अभ्यासकांनी १८७०च्या दशकात दारू बंद पोलादी भांड्यात पेटवून मोजमापं घेतली. वजनाच्या सुमारे ४३ टक्केच भागाचा वायू झाला, उरलेले ५७ टक्के घनरूप राहिले. तो पांढरा धूर आणि नळीत साचणारी काळी खरवड म्हणजे हाच भाग. थोडक्यात, गोळीला ढकलण्याचं काम निम्म्याहून कमी दारूचा वायू करतो.

दारूचे दाणेही सारख्या आकाराचे नसतात. दाणा बाहेरून आत जळत जातो. त्यामुळे ज्वारी आणि ज्वारीचा रवा यांत जो फरक, तोच इथं महत्त्वाचा ठरतो: दाणा बारीक असेल तर तेवढ्याच वजनात पृष्ठभाग जास्त, जळणं वेगवान आणि दाब चढण्याचा वेगही जास्त. डब्यावर एफ अक्षरं जितकी जास्त, तितकी दारू बारीक. दोन एफची दारू साधारण ५० कॅलिबर (म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या शंभरांश भागांत, ५० म्हणजे अर्धा इंच) आणि त्याहून मोठ्या नळीसाठी वापरतात, तीन एफची त्याहून लहान नळीसाठी. ५० कॅलिबरमध्ये दोन्ही चालतात, पण एकीचं माप दुसरीला लावू नये. चार एफची दारू चकमकीच्या बंदुकीत कानावर, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकाशी, रंजक (मुख्य बार पेटवणारी चिमूटभर दारू) म्हणून ठेवायची. ती नळीत मुख्य बार म्हणून भरायची नाही.

आता दारू वाढवली की वेग किती वाढतो ते पाहू. हे मोजण्याची पहिली खात्रीची युक्ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४२ साली प्रसिद्ध केली. त्यानं एक जड लोलक टांगला, त्यावर गोळी झाडली आणि लोलक किती मागे गेला ते एका फितीनं मोजलं. गोळीचा संवेग लोलकाला मिळतो. लोलकाचं वजन आणि झोका माहीत असला की गोळीचा वेग गणितानं निघतो. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात घडून जाणारी गोष्ट त्यानं टांगलेल्या लाकडातून वाचली, याचं मला आजही फार कौतुक वाटतं. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तटबंदीच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तापानं वारला.

त्याचं काम चार्ल्स हटन या इंग्रज गणितज्ञानं पुढे नेलं. हटनला आढळलं की वेग दारूच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दारू दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, फार तर १.४ पट होतो. एका मर्यादेपलीकडे तर दारू वाढवूनही वेग उलट घटतो. नळीची लांबी ठरलेली असते. गोळी बाहेर पडेपर्यंत जी दारू जळाली ती कामाची, बाकीची तोंडाशी ज्वाळा होऊन जाते. मात्र तीही वेगानं बाहेर फेकली जात असल्यामुळे खांद्याला बसणाऱ्या धक्क्यात तिचा वाटा असतोच.

उदाहरण म्हणून ५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची रायफल घेऊ. तिच्यात ०.४९० इंच व्यासाची शिशाची गोल गोळी कापडात गुंडाळून घालतात. या गोळीचं वजन सुमारे १७७ ग्रेन (वजनाचं जुनं बारीक माप) भरतं. जुना तोळा १८० ग्रेनचा, तेव्हा गोळी जवळपास तोळाभर. नवशिक्यासाठी रूढ अंदाज असा: कॅलिबरचा जो आकडा, तेवढे ग्रेन दारू. म्हणजे इथं ५० ग्रेन, पाव तोळ्याहून थोडी जास्त, ग्रॅममध्ये ३.२. एवढ्यावर गोळी सेकंदाला ४५० मीटरच्या आसपास वेग घेते, म्हणजे आवाजापेक्षा वेगानं जाते. दारूतल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे आठवा हिस्साच गोळीला मिळतो. उरलेली ऊर्जा उष्णता, धूर आणि आवाजात जाते.

कागदावरच्या निशाणीला भोक पाडायला एवढं पुष्कळ झालं. आणखी ३०-४० ग्रेन घालून मिळवलेल्या वेगाचं पुढे काय होतं? गोल गोळीला हवा फार अडवते, आणि वेग आवाजाच्या पुढे असेल तर जास्तच. शंभर मीटरवर पोचेपर्यंत त्या जादा वेगाचा मोठा भाग हवेनं खाल्लेला असतो. धक्का मात्र पुरता खांद्यावर बसलेला असतो. नवा नेमबाज धक्क्याच्या धास्तीनं चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो. ही सवय एकदा जडली की मोडायला फार वेळ लागतो. नवशिक्याला हलका बार द्यावा असं मी आग्रहानं म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

हा अंदाज फक्त सुरुवातीचा. अंतिम शब्द रायफल बनवणाऱ्याच्या पुस्तिकेचा. तिच्यात त्या नळीसाठी किमान आणि कमाल माप दिलेलं असतं, आणि कमाल आकडा ओलांडायचा नाही. किमान मापाजवळ सुरुवात करायची, साधारण २५ मीटरवर रायफल टेकवून तीन किंवा पाच गोळ्या झाडायच्या, मग पाच ग्रेन वाढवून पुन्हा तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू, कापड आणि गोळी एकदमच बदलली तर ग्रुप, म्हणजे निशाणीवरचा भोकांचा पुंजका, कशामुळे सुधारला ते कळणार नाही. बहुतेक नळ्यांत एक माप असं सापडतं की गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि त्यापुढे वाढवलं की पांगतात. ते सापडलं की थांबायचं.

कापडाबद्दल तर सोलापूरकराला फार सांगायला नको. गोळीभोवतीचा हा चकतीएवढा तुकडा वायू अडवतो आणि चरांची पकड गोळीपर्यंत पोचवतो. तो घट्ट विणीचा आणि शंभर टक्के सुती हवा. पॉलिएस्टरचा धागा उष्णतेनं वितळून नळीला चिकटतो. बार उडाल्यावर हा तुकडा काही मीटरवर पडतो. तो उचलून जरूर पाहावा. कडा थोड्या उसवलेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर माप जमलं. मध्ये जळालेलं भोक असेल तर वायू बाजूनं निसटतोय: कापड पातळ आहे, त्याला लावलेलं वंगण कमी आहे किंवा दारू जास्त झाली आहे. चरांच्या रेषेत कापल्यासारख्या चिरा असतील तर नळीच्या कडा धारदार आहेत किंवा गोळी जास्तच घट्ट बसते आहे. महागड्या यंत्राइतकी माहिती हा तुकडा फुकट देतो.

काही बाबतीत प्रयोग करून बघायची मुभाच नाही. आधुनिक काडतुसांतली धूरविरहित दारू ठासणीच्या रायफलीत चिमूटभरही घालायची नाही. तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट असतो आणि नळी फुटते. गोळी दारूवर टेकलेलीच हवी. मध्ये पोकळी राहिली तर वर अडकलेली गोळी अडथळ्यासारखी वागते आणि तिथं नळी फुगते किंवा फाटते. त्यासाठी रिकाम्या आणि भरलेल्या नळीच्या दोन खुणा गजावर करून ठेवतात. चुकून दोन बार भरले गेले तर तेही याच खुणेनं कळतं. दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, आधी मापात घ्यायची, कारण आत ठिणगी राहिली असेल तर डबा हातात पेटेल. आणि आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. पहिले बार परवानाधारक जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, रेंजवरच.

सोलापूरच्या हवेचा वेगळा विचार करावा लागतो. दमट हवेत नळीतली खरवड मऊ राहते. आपल्या कोरड्या, चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात ती कडक होते आणि तिसऱ्या-चौथ्या बारालाच गोळी खाली उतरताना अडू लागते. अडलेली गोळी म्हणजे पुन्हा तीच पोकळीची भीती. म्हणून एप्रिल-मे महिन्यात प्रत्येक बारानंतर ओलसर फडकं आणि मग कोरडं फडकं नळीतून फिरवावं. संध्याकाळी साबणाचं गरम पाणी वापरावं, कारण ही खरवड पाण्यात विरघळते, नुसत्या तेलानं नीट निघत नाही. तिच्यातले क्षार ओल धरतात. सफाई पावसाळ्यापर्यंत लांबवली तर चरांत गंज चढतो, आणि उन्हाळाभर शोधून काढलेलं माप त्या नळीला लागू राहत नाही.